दुबईची समुद्रातली बेटं बघायला सातारा-सांगलीहून निघताय? मग आधी हे वाचा

राजवाड्यासमोर उभं राहिलं की सातारा कसा वसलाय ते कळत नाही. त्यासाठी अजिंक्यतारा चढावा लागतो. वर गेल्यावर पेठा, रस्ते, तळी सगळं नकाशासारखं उलगडतं. दुबईचं पाम जुमेरा हे समुद्रात भराव टाकून खजुराच्या झाडाच्या आकारात केलेलं बेट, त्याचंही तसंच आहे. कॅलेंडरवर छापलेलं ते खजुराचं झाड बेटावर पाय ठेवल्यावर कुठेच दिसत नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधून रुंद रस्ता, एवढंच दिसतं. बऱ्याच टूरच्या बस झाडाच्या खोडावरून सरळ अटलांटिस हॉटेलपर्यंत जातात, समोर पंधरा मिनिटं फोटोसाठी थांबतात आणि मागे वळतात. एवढा खर्च करून माणूस पाम 'बघून' येतो, पण त्याने पाम पाहिलेलाच नसतो. म्हणून या बेटांचा एक पूर्ण दिवस टूरवाल्याकडून मोकळा मागून घ्या आणि स्वतः फिरा. वाट सोपी आहे, मेट्रोने जाता येतं.

कोणतं बेट बघायचं, कोणतं सोडायचं

पाम जुमेराचं काम २००१ मध्ये सुरू झालं. नखील या कंपनीने ते केलं. मधे खोड, त्याला फुटलेल्या झावळ्या आणि या सगळ्याभोवती अर्धचंद्रासारखा ११ किलोमीटरचा बांध, अशी त्याची रचना. हा बांध सांगली-मिरज अंतराएवढा, किंबहुना थोडा जास्तच भरेल. बघण्यासारखं बरंच काही खोडावर आणि बांधावर आहे. झावळ्यांवर खासगी बंगले आहेत. प्रत्येक झावळीच्या तोंडाशी गेट आणि रखवालदार असतो, रहिवासी आणि त्यांचे पाहुणे सोडून कुणालाही आत घेत नाहीत. 'आत जाऊन एक चक्कर मारू' म्हणून टॅक्सी तिकडे वळवू नका, गेटवरून परत फिरावं लागेल आणि मीटर पडेल तो वेगळा.

ब्ल्यूवॉटर्स हे बेट जेबीआर (जुमेरा बीच रेसिडेन्स) या भागाच्या किनाऱ्याच्या अगदी समोर आहे आणि पादचारी पुलावरून फुकट चालत जाता येतं. ऐन दुबई हा २५० मीटर उंचीचा पाळणा तिथेच आहे. त्याची एक फेरी साधारण ३८ मिनिटांची असते. २०२१ मध्ये सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तो बंद पडला होता आणि २०२४ च्या शेवटी पुन्हा फिरू लागला. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या दिवशी चालू आहे का, एवढं बघून घ्या.

बुर्ज अल अरब हे शिडाच्या आकाराचं हॉटेलही छोट्या मानवनिर्मित बेटावर उभं आहे, किनाऱ्यापासून साधारण २८० मीटर आत. पुलावर पहारा असतो, हॉटेलचं किंवा आतल्या सहलीचं बुकिंग नसेल तर सोडत नाहीत. नुसता फोटो हवा असेल तर उम्म सुकैमच्या सार्वजनिक किनाऱ्यावरून चांगला येतो.

द वर्ल्ड म्हणजे जगाच्या नकाशाच्या आकारात टाकलेली सुमारे ३०० बेटं, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटर आत. तिथे जायला ना पूल ना रस्ता, फक्त बोट. बहुतेक बेटं अजून नुसती वाळूच आहेत. मोजक्या बेटांवर हॉटेलं उभी राहिली आहेत. दिवसभरासाठी जायचं तर त्या हॉटेलचा दिवसाचा पास आधी घ्यावा लागतो, आणि पासात बोटीचं भाडं आहे की नाही हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावं लागतं. तिथेही 'नकाशा' दिसत नाही, दिसतात त्या पाण्यातल्या सपाट वाळूच्या पट्ट्या. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने द वर्ल्ड सोडून दिलं तरी चालेल, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाम जबल अली आकाराने मोठं आहे, पण त्याचं काम मधे बरीच वर्षं थांबलं होतं. पर्यटकाने तिकडे वाट वाकडी करावी असं तिथे अजून काही नाही.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर बहुतेकांना निघण्याआधीच व्हिसा काढावा लागतो. ३० आणि ६० दिवसांचे पर्यटक व्हिसा असतात. ते विमान कंपनी, हॉटेल किंवा एजंट यांच्यामार्फत मिळतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. अर्जाबरोबर हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मागतात. काही एजंट इथे 'डमी' बुकिंग लावून देतात आणि अर्ज गेल्यावर रद्द करतात. असल्या बुकिंगवर अर्ज नाकारला गेला तर फी परत मिळत नाही, आणि तारखा ठरलेल्या असतील तर विमानाचं तिकीटही वाया जातं. बुकिंग खरंच करा, मात्र मोफत रद्द करता येईल असं करा.

आई, आजी, मावशी बरोबर येणार असतील तर त्यांचे पासपोर्ट आजच उघडून बघा. आपल्याकडे जुन्या बायकांच्या पासपोर्टवर कितीदा नुसतं एकच नाव असतं आणि आडनावाचा रकाना कोरा असतो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर अमिरातीत (दुबई ज्या देशात येते तिथे) पर्यटक म्हणून प्रवेश देत नाहीत. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर सूट मिळते, पण ती तोंडी गृहीत धरू नका, विमान कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आडनाव घालून पासपोर्ट नव्याने काढणं हाच पक्का उपाय आहे. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दर दिवसाला ५० दिरहम दंड आहे. हिशेबासाठी एक दिरहम म्हणजे साधारण २४ रुपये धरा.

बॅगेत काय भरायचं नाही

आपल्या भागातल्या माणसासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अमिरातीत खसखस बंद आहे. आपल्याकडे ती स्वयंपाकाची वस्तू आहे, तिथे ती अफूच्या बोंडातलं बी म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आणि आपण ती नकळत नेतो. घरच्या कांदा-लसूण चटणीच्या मसाल्यात धणे, तीळ, खोबरं यांच्याबरोबर खसखस भाजून कुटलेली असते. अनारशाच्या एका अंगाला तर ती उघड चिकटलेली असते. काही घरांत करंजीच्या सारणात आणि लाडवातही घालतात. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी फराळाचा डबा भरताना एकेका जिनसाची चौकशी करा. चटणी न्यायचीच असेल तर खसखस न घालता वेगळी कुटून घ्या. मसाल्यात काय आहे याची खात्री नसेल तर ती पिशवी घरीच ठेवा.

पान, सुपारी, गुटखा, मावा यांतलं काहीही नेऊ नका. वयस्कर मंडळींच्या कनवटीला, बटव्यात किंवा कोटाच्या आतल्या खिशात राहिलेली पुडी निघताना आठवणीने काढून घ्या.

औषधांकडेही तेवढंच लक्ष द्या. ट्रामाडॉल असलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबलिन ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. ती नेण्याआधी अमिरातीच्या सरकारकडून ऑनलाइन परवानगी काढावी लागते. बाकी रक्तदाब-साखरेच्या गोळ्या मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, जेवढे दिवस राहणार तेवढ्याच न्या. सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. गोळी कसली आहे ते तिथे सांगता येत नाही.

सुकं खोबरं आपल्याच विमानतळावर अडवतात. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून वाट्या सामानात चालत नाहीत. तिखट, चटणी हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत. कंदी पेढे, भडंग, बेदाणे न्यायला हरकत नाही, फक्त पॅकबंद घ्या.

घरापासून विमानापर्यंत

साताऱ्याहून मुंबई विमानतळ साधारण २५० किलोमीटर, सांगलीहून ३८० च्या पुढे. विमान सुटायच्या तीन तास आधी तिथे पोचायचं असतं. खंबाटकी घाट, नवले पूल आणि एक्स्प्रेस वेवरचा खंडाळ्याचा घाट या तिन्ही ठिकाणी गाडी अडकते. घाटात एखादा कंटेनर बंद पडला की दोन तास गेलेच म्हणून समजा. साताऱ्याहून निघणाऱ्यांनी आठ तास आणि सांगलीकरांनी अकरा तास विमानतळावर पोचण्यासाठी राखून ठेवावेत. रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरणं निवांत पडतं. ती सांगली, कराड, सातारा घेत सकाळी मुंबईत पोचते. पुण्याहून थेट विमान मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्या, कारण घाटाची निम्मी चिंता मिटते.

मुंबई ते दुबई तीन-साडेतीन तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुबईत टर्मिनल एक आणि तीनला मेट्रोचं स्टेशन आहे, दोनला नाही. मध्यरात्री उतरलात तर मेट्रो बंद असते, तेव्हा टॅक्सीचा खर्च आधीच धरून ठेवा.

कुठे उतरायचं

पामवरच्या हॉटेलात राहायचं की शहरात, हा पैशाचा प्रश्न आहे. पामवर नाश्त्याला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात बुर दुबई किंवा करामा भागात दोघांचं शाकाहारी जेवण होतं. शिवाय हॉटेलच्या दरावर कर वेगळे, आणि दर खोलीला दर रात्री ७ ते २० दिरहमपर्यंत 'पर्यटन दिरहम' नावाचा आकार वेगळा, पंचतारांकितला २०. हॉटेलात शिरताना कार्डवर अनामत रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे प्रवासभर अडकतात, त्यामुळे क्रेडिट कार्ड द्या. मुलांना समुद्रात डुंबायचं असेल तर पामवर एक रात्र काढा, बाकीच्या रात्री शहरात.

पामची वाट, पायरीपायरीने

बुर दुबईतल्या बुरजुमान मेट्रो स्टेशनवर प्रत्येकाचं वेगळं नोल कार्ड, म्हणजे मेट्रो-ट्रामचं पैसे भरलेलं कार्ड, काढा. चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यात १९ दिरहम वापरायला असतात. एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. जास्त भाड्याच्या सोनेरी डब्यात, आणि पुरुषांनी बायका-मुलांच्या डब्यात, चुकून चढू नका. फलाटावर खुणा केलेल्या असतात, चुकलात तर १०० दिरहम दंड. गाडीत खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम चघळणं यालाही तेवढाच दंड आहे.

रेड लाइनची पश्चिमेकडे जाणारी कोणतीही गाडी चालते, फाटा पुढे जबल अलीनंतर फुटतो. शोभा रिअल्टी स्टेशनवर उतरा. जुन्या माहितीत हेच स्टेशन दुबई मरीना किंवा डमॅक या नावाने सापडेल. तिथे स्टेशनांची नावं कंपन्यांना विकतात, म्हणून ती बदलत राहतात. गोंधळ झाला तर फलाटावरच्या नकाशात ट्रामची खूण कुठे आहे ते बघा.

स्टेशनातून पादचारी पुलाने दुबई मरीना ट्राम थांब्यावर या. ट्रामच्या फलाटावर मेट्रोसारखं अडवणारं गेट नसतं, त्यामुळे कार्ड टेकवायचं लोक विसरतात. खांबावरच्या यंत्राला चढताना आणि उतरल्यावर दोन्ही वेळा कार्ड टेकवा. तपासनीसाने पकडलं तर २०० दिरहम. अल सुफूहकडे जाणारी ट्राम घ्या आणि पाम जुमेरा थांब्यावर उतरा. मेट्रोतून उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत ट्राम धरली तर हा एकच प्रवास धरला जातो.

तिथून पाम गेटवे या मोनोरेल स्टेशनवर पायी पाच-सात मिनिटांत पोचता. पाटी बघत बहुमजली पार्किंगच्या इमारतीतून जायचं. वाट जरा आडबाजूची वाटते, पण तीच बरोबर आहे. मोनोरेल ५.४ किलोमीटरची, २००९ पासून चालू आहे आणि तिचं भाडं मेट्रोपेक्षा वेगळं असतं. परतीचं तिकीट एकदमच काढा. आधी उतरायचं ते नखील मॉल स्टेशनवर.

उंची: दिवसाचा खरा खर्च इथे करा

नखील मॉलमधून पाम टॉवरच्या ५२ व्या मजल्यावर जाता येतं. तिथे द व्ह्यू ॲट द पाम ही गॅलरी आहे, २४० मीटरवर. साताऱ्याच्या पेठांपासून अजिंक्यताऱ्याचा माथा याहून थोडा उंच आहे, म्हणजे डोळ्याला केवढं दिसेल याचा अंदाज साताऱ्याच्या माणसाला घरीच येतो. तिकीट शंभर दिरहमच्या पुढे. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट जास्त महाग असतं आणि बहुतेकांना तेच हवं असतं. मात्र फोटोसाठी ती वेळ चांगली नाही. पामचं टोक वायव्येला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो, झावळ्यांवर स्वच्छ उजेड पडतो आणि त्यांच्या मधलं पाणी हिरवट-निळं दिसतं. संध्याकाळी सूर्य समोर डाव्या हाताला उतरतो, पाण्यावर चकाकी येते आणि झावळ्या काळ्या पडतात. आकाश सुंदर दिसतं, बेट दिसत नाही. फोटो हवे असतील तर सकाळी दहाच्या सुमाराचं, स्वस्त तिकीट घ्या. मोबाइल काचेला अगदी चिकटवून धरा आणि अंगावर गडद कपडे असू द्या. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि प्रत्येक फोटोत येतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी कधीकधी दाट धुकं असतं, आणि वाऱ्याच्या दिवशी धूळ. अशा वेळी वर गेलात तर खाली नुसतं पांढरं दिसतं. त्यामुळे तिकीट आठवडाभर आधी काढू नका, त्याच दिवशी आभाळ बघून काढा. धुकं दिसलं तर दिवसाचा क्रम उलटा करा, आधी बांधावर जा आणि दुपारी वर चढा.

वर जायच्या आधी बेट कसं बांधलं त्याची मांडणी लावलेली आहे, ती घाईत ओलांडू नका. वाळवंट दाराशी असताना या बेटासाठी वाळू आणली ती समुद्राच्या तळातून, सुमारे ९.४ कोटी घनमीटर. वाळवंटातल्या वाळूचा कण वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत झालेला असतो, तो एकमेकांत बसत नाही, भराव सरकतो. कृष्णेच्या वाळूची किंमत माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. जहाजांनी ही वाळू कमानीसारख्या फवाऱ्याने नेमक्या जागी टाकली, आणि ती जागा उपग्रहावरून मोजून ठरवली जायची. आपण घराचा पाया भरताना मुरूम टाकतो, पाणी मारतो आणि धुमसाने चोपतो. तिथे तेच काम लांब थरथरत्या दांड्या वाळूत खोल उतरवून केलं, म्हणून वर इमारती उभ्या राहिल्या. बांधाला सुमारे ७० लाख टन दगड लागला. बांध सलग झाल्यावर आतलं पाणी खेळतं राहीना, ते साचून खराब होऊ लागलं असतं, म्हणून त्यात दोन ठिकाणी मोकळ्या वाटा ठेवल्या. वरून बघताना त्या दोन फटी शोधा, मुलांना दाखवा. या बेटाची सगळी गोम त्यांत आहे.

बांधावर आणि पाण्यात

खाली उतरून पुन्हा मोनोरेलने शेवटचं अटलांटिस स्टेशन गाठा. अटलांटिस २००८ मध्ये उघडलं आणि शेजारचं अटलांटिस द रॉयल २०२३ मध्ये. त्यांच्या बाहेर बांधाच्या कडेने चालायचा रस्ता आहे, तो फुकट आहे आणि खुला समुद्र समोर असतो. इथे खडकांवर उतरू नका. बाहेरच्या अंगाला लाट थेट दगडावर आपटते आणि शेवाळ्यावरून पाय सरकतो. पोहायचं असेल तर खोडाच्या बाजूचा पाम वेस्ट बीच बरा.

ॲक्वाव्हेंचर हे पाण्याचं उद्यान अटलांटिसमध्येच आहे. तिकीट तीनशे दिरहमच्या वर, आणि लॉकरचे पैसे वेगळे. घेतलं तर अख्खा दिवस द्या, दोन तासांसाठी परवडत नाही. आत सुती कपडे, साडी, जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत. पोहण्याचे नायलॉनचे कपडे लागतात, अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडे चालतात. ते इथूनच घेऊन जा, तिथे दुप्पट-तिप्पट पडतात. मोठ्या घसरगुंड्यांना १.२ मीटर उंचीची अट आहे. मुलाची उंची घरीच दाराच्या चौकटीला लावून मोजा, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन रडारड होणार नाही. बाहेरचं खाणं आत चालत नाही.

स्पीडबोटीच्या तास-दीड तासाच्या फेऱ्या दुबई मरीनातून निघतात. पामच्या बाजूने अटलांटिस आणि बुर्ज अल अरबपर्यंत नेतात. गंमत आहे, पण बोटीतूनही झाडाचा आकार दिसत नाही, तेव्हा उंचीचं तिकीट सोडून बोट घेऊ नका. कंबरेचं दुखणं असलेल्यांनी पुढच्या बाकावर बसू नये, तिथे हादरे जास्त बसतात.

नोव्हेंबर ते मार्च हाच जायचा काळ. मे ते सप्टेंबर दुपारी ४० अंशांच्या वर उकाडा आणि त्यात समुद्राची दमट हवा, तेव्हा बांधावर दहा मिनिटंही चालवत नाही. किनाऱ्यावर अनोळखी बायकांचे, कुटुंबांचे फोटो काढू नका, तो तिथे गुन्हा आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, बॅगेत टाकूच नका.

संध्याकाळ बांधावर काढा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्याचे पैसे पडत नाहीत. अंधार झाला की मोनोरेलने परत फिरा, दोन्ही बाजूंच्या झावळ्यांवरचे दिवे गाडीतून दिसतात. मेट्रो रात्री बाराच्या सुमाराला बंद होते, शुक्रवारी एकला. वाटेत मोनोरेल, ट्राम, मेट्रो अशा तीन गाड्या धरायच्या असल्यामुळे पामवरून साडेदहाच्या आत निघा. रविवारी सकाळी मात्र मेट्रो आठलाच सुरू होते, त्या दिवशी परतीचं पहाटेचं विमान असेल तर टॅक्सी रात्रीच सांगून ठेवा.